दादांचा सिनेमा

दादांनी धाकट्या भावाकडे उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली. तीही चहात बिस्किट बुडवता बुडवता, आणि इतक्या हळू आवाजात की बिस्किटाचा तुकडा कपात पडला त्याचाच आवाज जास्त झाला असेल.

"तो सिनेमा एकदा बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

आदल्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. फार तर चार महिने. मग उजेड आहे की अंधार, एवढंच कळेल. सध्या काही मोठं, ठळक असेल तर दिसेल, ते बघून घ्या. डॉक्टर हे अशा सुरात म्हणाले, जणू दुकान बंद व्हायच्या आत खरेदी उरकायची आहे.

धाकटे भाऊ निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण सोसायटी त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणायची. कोणता सिनेमा, हे हेडक्लार्कांना विचारावं लागलं नाही.

दादा सैन्यात टेलिफोनवर होते. वरून आलेला निरोप वहीत उतरवायचा आणि पुढे सांगायचा, एवढंच काम. एकदा वरून निरोप आला की टेकडी सोडा. दादांनी तो उतरवला, पुढे सांगितला, टेकडी सुटली. दोन दिवसांनी तीच टेकडी परत घेताना अकरा माणसं गेली. चौकशी लागली तेव्हा निरोप देणारे साहेब म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. वहीतलं ते पान कुणाला सापडलं नाही. लष्करी कोर्टाने दादांना दोन वर्षं तुरुंगात पाठवलं आणि नोकरीतून काढून टाकलं. तेव्हा दादा सव्वीस वर्षांचे होते आणि हेडक्लार्क एकोणीस. त्या दोन वर्षांत घरचं कुणीही दादांना भेटायला गेलं नाही. वडिलांची सक्त ताकीद होती असं घरात सगळे म्हणायचे. हेडक्लार्कही तसंच म्हणायचे.

सुटून आल्यावर दादांनी हा सिनेमा पाहिला. परदेशी, काळा-पांढरा, तेव्हाच जुना झालेला. लढाई वेगळी, देश वेगळा, पण त्यातही एक टेलिफोनवाला शिपाई होता, एक निरोप होता आणि एक नाकबूल करणारा साहेब होता. दादांनी लागोपाठ चार खेळ पाहिले. घरी येऊन धाकट्याला एवढंच म्हणाले, "माझ्या वहीचं पान त्या लोकांना कुठून मिळालं रे?" त्यानंतर पन्नास वर्षं त्यांनी परगावी रेडिओ दुरुस्त केले, लग्न केलं नाही, आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. डोळे अधू झाले तेव्हा दोन वर्षांपूर्वी हेडक्लार्क त्यांना आपल्याकडे घेऊन आले. सोसायटीत सांगितलं, दादा फिरतीच्या नोकरीत होते.

"एवढंच ना?" हेडक्लार्क म्हणाले. "घरच्या टीव्हीवर लावतो की."

"टीव्हीवर नाही दिसायचं मला. मोठा पडदा पाहिजे." दादांनी कपातला तुकडा चमच्याने शोधायला सुरुवात केली. "आणि चार माणसांत बसून बघायचा आहे."

इथे हेडक्लार्कांच्या बायकोने स्वयंपाकघरातून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. नवरा छातीत हवा भरून "त्यात काय आहे!" म्हणाला, की पुढे काय काय होतं हे तिला पाठ होतं. गच्चीवरची टाकी स्वतः साफ करतो म्हणाला होता तेव्हा तीन मजल्यांना आठवडाभर पाणी नव्हतं.

"त्यात काय आहे!" हेडक्लार्क म्हणाले.

पहिली पायरी सिनेमा मिळवण्याची. गावात एके काळी एक फिल्म सोसायटी होती. ती बंद पडून अकरा वर्षं झाली होती, पण तिचे अध्यक्ष हयात होते. तेच आता तिचे खजिनदार, ग्रंथपाल आणि एकमेव सभासद होते. सिनेमाची तबकडी, म्हणजे डीव्हीडी, त्यांच्या पलंगाखालच्या पेटीत निघाली. पण ती फक्त सभासदांनाच मिळे.

"मग मला सभासद करून घ्या," हेडक्लार्क म्हणाले.

अध्यक्षांनी पिवळा पडलेला अर्ज काढला. सूचक म्हणून स्वतः सही केली. "अनुमोदक लागेल. सभासदच हवा."

"पण सभासद तुम्ही एकटेच आहात."

"तीच तर संस्थेची अडचण आहे हो," अध्यक्ष मनापासून हळहळले.

हेडक्लार्कांनी चौतीस वर्षं सरकारी दप्तरात काढली होती. अशा पेचात लोकांना अडकवणं हा त्यांचा व्यवसायच होता. आज स्वतः अडकल्यावर त्यांना अध्यक्षांबद्दल राग आणि आदर दोन्ही एकदम वाटलं. शेवटी आधी अध्यक्षांच्या बायकोला सभासद करायचं ठरलं. तिचा अनुमोदक कोण, हा प्रश्न कुणीही काढला नाही. ती बाई ओल्या हातांनी बाहेर आली, कुठे सही करायची तेवढं विचारलं, आणि दोन सह्या करून पुन्हा आत गेली.

तबकडी चालते का पाहायला हेडक्लार्कांनी ती घरी टीव्हीवर लावली. दादा तेव्हा दुपारचे झोपले होते. हेडक्लार्कांनी हा सिनेमा कधीच पाहिला नव्हता. पाहायचं टाळलं होतं म्हटलं तरी चालेल. ते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. तो शिपाई कोठडीत बसतो, त्याला जेवण येतं, पाद्री येतो, वकील येतो, शेवटी शिक्षा सांगायला माणूस येतो. घरचं कुणी येत नाही. एकदासुद्धा नाही. हेडक्लार्कांना वाटलं आपल्या नजरेतून सुटलं असेल, म्हणून मागे नेऊन पुन्हा पाहिलं. सुटलं नव्हतं. त्यांनी तबकडी काढली, रुमालाने पुसली आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले.

पुढची पायरी हॉलची. सोसायटीचा हॉल म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि भिंतीवर पडद्यासारखी ताणता येईल अशी एक पांढरी चादर. सेक्रेटरींनी अर्ज तीन प्रतींत मागितला. हेडक्लार्कांनी चार नेल्या, कारण आयुष्यभर त्यांनी लोकांना एक प्रत कमी पडल्यावरून परत पाठवलं होतं.

"चित्रपट कशाबद्दल आहे?" सेक्रेटरींनी पेन सरसावलं.

"एका सैनिकाबद्दल."

"वा! देशभक्तीपर."

"तसा अगदी देशभक्तीपर नाही. म्हणजे तो सैनिक निर्दोष असतो, पण त्याला शिक्षा होते."

"शत्रूकडून."

"नाही. आपल्याच लोकांकडून. लष्करातल्या अन्यायाचा सिनेमा आहे."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. पेनाला टोपण लावलं. ते टोपण लागल्याचा 'टक्' आवाज हेडक्लार्कांना चांगला ओळखीचा होता. असं टोपण त्यांनी स्वतः हजारो वेळा लावलं होतं.

"असं करा," सेक्रेटरी म्हणाले, "तळमजल्याच्या कर्नलसाहेबांची हरकत नाही असं लेखी आणा. त्यांची हरकत नसेल तर आमची कशाला असेल?"

हेडक्लार्क कर्नलसाहेबांच्या दारापर्यंत तीनदा गेले आणि तीनदा परत आले. एकदा साहेब झोपले असतील म्हणून, एकदा जेवत असतील म्हणून, आणि एकदा ते खरोखरच दारात उभे होते म्हणून. चौथ्यांदा बेल वाजवली. कर्नलसाहेब हे ऐंशीचे, सडसडीत, एकटे राहणारे गृहस्थ. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"शेवटी सुटतो का तो?"

"नाही."

"मग खरा सिनेमा दिसतोय," कर्नलसाहेब म्हणाले आणि कागदावर लिहून दिलं: 'हरकत नाही. मी येईन.'

या शेवटच्या दोन शब्दांनी घात केला. कर्नलसाहेब येणार म्हटल्यावर समितीने तातडीची बैठक घेतली. साहेब नुसतेच कसे येतील? ते प्रमुख पाहुणे म्हणून येतील. प्रमुख पाहुणे आले की पुष्पगुच्छ आला, स्वागतगीत आलं. स्वागतगीतासाठी महिला मंडळाने सतरा जणींची नावं दिली आणि एकीलाही वगळायला नकार दिला. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी सुचवलं की एवढी माणसं आयती जमणार आहेत, तर आधी मोफत दंततपासणी का नको? भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापकांनी युद्धभूमी नकाशावर समजावून द्यायची तयारी दाखवली. फक्त वीस मिनिटं. सिनेमातली लढाई कुठे झाली हे सिनेमात सांगितलेलंच नाही, असं हेडक्लार्कांनी नम्रपणे निदर्शनास आणलं. त्यावर प्राध्यापक म्हणाले, "म्हणूनच तर नकाशा लागतो."

रोज कुणी ना कुणी जिन्यात गाठून सल्ला द्यायचं. समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, रडका सिनेमा कशाला? एखादा हसवणारा लावा. घरात काय कमी रडणं असतं?" वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटने सुचवलं की मारामारीचे तेवढे ठेवून कोर्टाचे प्रसंग कापून टाकावेत. या माणसाला सिनेमाची गोष्ट कुणी सांगितली, हे हेडक्लार्कांना शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी सूचना फलकावर लागली. हेडक्लार्कांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. 'आपल्या सोसायटीचे भूषण कर्नलसाहेब यांच्या गौरवार्थ भव्य देशभक्तीपर चित्रपट. रविवार, दुपारी चार. त्यापूर्वी मोफत दंततपासणी. सर्वांनी वेळेवर व दात घासून यावे.' दादांच्या सिनेमाच्या सूचनेत दादांचं नाव असायचं कारण नव्हतं, हे त्यांना मान्य होतं. पण दादांचं आयुष्य एका साहेबाने खाल्लं, आणि पन्नास वर्षांनी त्यांचा सिनेमा दुसऱ्या साहेबांच्या गौरवासाठी लागणार! हेडक्लार्क सेक्रेटरींकडे तरातरा गेले. सेक्रेटरी म्हणाले, बदल हवा असेल तर तीन प्रतींत अर्ज करा, पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेऊ.

ते घरी आले तेव्हा दादा खिडकीत बसले होते. "फलक लागला म्हणे," दादा म्हणाले. "काय लिहिलंय रे?"

"सिनेमाचं नाव आणि वेळ," हेडक्लार्क म्हणाले.

"बरं झालं."

दादांना आता फलक वाचता येत नाही याचं क्षणभर हेडक्लार्कांना हायसं वाटलं. मग, आपल्याला कशाचं हायसं वाटलं हे लक्षात आलं, तेव्हा ते स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले. बायको म्हणाली, "अहो, खरं काय ते एकदा सांगून का टाकत नाही सगळ्यांना?"

"काय सांगू? आमचे दादा तुरुंगात होते, असं?"

"होतेच ना? त्यांनी कुठे लपवलंय? लपवलंय तुम्ही."

रविवारी हॉल भरला. बरीच माणसं दातांसाठी आली होती आणि तपासणी झाल्यावर खुर्ची मिळाली म्हणून बसून राहिली. स्वागतगीत सतरा आवाजांत आणि जवळजवळ तितक्याच सुरांत झालं. प्राध्यापकांचा नकाशा छताच्या पंख्यात अडकला, त्यामुळे वीस मिनिटं वाचली. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्या एका बाजूला हेडक्लार्क, आणि दुसऱ्या बाजूला, हेडक्लार्कांनी कितीही प्रयत्न केला तरी, कर्नलसाहेब. प्रमुख पाहुण्यांची खुर्ची तिथेच मांडलेली होती.

दिवे मालवले. सोसायटीच्या वायरमनने प्रोजेक्टरचं यंत्र सुरू केलं. चादरीवर टेकडी आली, धूर आला, टेलिफोनची घंटा वाजली. दादा पुढे झुकले. त्यांना पांढरं आणि काळं हलताना दिसत होतं. बाकीचं त्यांना बघायची गरज नव्हती. प्रत्येक वाक्याच्या आधी त्यांचे ओठ हलत होते.

लोक हळूहळू गप्प झाले. विमा एजंटनेसुद्धा चुळबुळ थांबवली. साहेबाने शांतपणे "मी असा निरोप दिलाच नाही" म्हटलं तेव्हा मागून कुणीतरी "अरे!" म्हणालं. शिपाई कोर्टापुढे उभा राहिला. न्यायाधीशाने विचारलं, तुला काही सांगायचं आहे? शिपायाने तोंड उघडलं.

आणि ते तसंच उघडं राहिलं. तबकडी अडकली होती.

वायरमनने यंत्रावर थाप मारली. मग तबकडी काढून फुंकली, लावली, पुन्हा तेच तोंड. प्रत्येकाने आपापला उपाय सांगितला. कुणी म्हणालं थंड पाणी, कुणी म्हणालं टूथपेस्ट, आणि टूथपेस्ट दंतवैद्यांकडे तयार होती. ती लावल्यावर शिपायाचं तोंडसुद्धा गेलं. दिवे लागले. सेक्रेटरी घड्याळ बघत उठले आणि म्हणाले, "मंडळी, तांत्रिक कारणामुळे..."

"थांबा," दादा म्हणाले. "पुढचं मी सांगतो."

ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले आणि लोकांकडे वळले. लोक दिसत होते की नाही कोण जाणे. हेडक्लार्कांनी त्यांची बाही ओढली. ती त्यांनी हलकेच सोडवून घेतली.

"तो म्हणतो, मी ऐकलं ते लिहिलं. लिहिलं ते सांगितलं. दुसरं काही मला येतच नाही," दादा म्हणाले. आवाज बारीक होता, पण हॉलमध्ये आता पंख्याचाच काय तो आवाज होता. "मग ते वही मागवतात. पानांवर आकडे असतात. बेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस. त्रेचाळीस कुठे गेलं, असं एकही जण विचारत नाही. तो विचारतो, तर म्हणतात, तू बोलायचं नाहीस. मग शिक्षा. कोठडी सहा पावलं लांब, चार पावलं रुंद. खिडकी उंच. एक पत्र्याचा डबा. तिथे वेळ जात नाही हो. मग तो मनातल्या मनात जुने निरोप पाठ म्हणतो. अकरा जणांची नावं म्हणतो. त्यातल्या चौघांबरोबर तो रोज जेवायचा."

सिनेमात कुणाचीही नावं नव्हती. हेडक्लार्क खाली मान घालून बसले होते.

"महिन्यातून एकदा भेटीचा दिवस असतो," दादा पुढे म्हणाले. "बाकीच्यांकडे माणसं येतात. त्याच्याकडे त्याचा धाकटा भाऊ येतो. शिकत असतो अजून. वडिलांना न सांगता येतो बिचारा, पहिल्या गाडीने. जाळीच्या पलीकडे उभा राहतो. बोलत काही नाही, लहान आहे. नुसता उभा राहतो. घंटा झाली की जातो, पण पुढच्या महिन्यात येतो पुन्हा. त्या भावामुळे त्याचे दिवस निघतात. नाहीतर निघाले नसते." ते थांबले. "एवढाच आहे सिनेमा."

मागच्या रांगेतून हेडक्लार्कांच्या बायकोने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

सेक्रेटरींना कार्यक्रम कसा तरी संपवायचा होता. ते म्हणाले, "आता प्रमुख पाहुणे दोन शब्द बोलतील." कर्नलसाहेब उठले, पण लोकांकडे न वळता दादांकडे वळले.

"कुठल्या पलटणीत होतात?"

दादांनी सांगितलं.

कर्नलसाहेबांनी मान हलवली. "तुमच्या कोर्टावर मी नव्हतो. पण अशा दोन कोर्टांवर बसलोय मी. पानं मीही मोजली नाहीत." एवढं बोलून ते ताठ चालत बाहेर गेले. पुष्पगुच्छ खुर्चीवरच राहिला. तो कुणाच्या नावे जमा करायचा यावर समितीत लगेच कुजबुज सुरू झाली.

हेडक्लार्क दादांचा कोपर धरून हॉलबाहेर पडले. अजून ऊन होतं. आवारात लोक बाजूला होऊन वाट देत होते, आणि आजवर जिन्यात सल्ला देणाऱ्यांपैकी एकालाही काही सुचवायचं नव्हतं. लिफ्ट बंद होती. दोघे जिना चढू लागले.

पहिल्या मजल्यावर हेडक्लार्क म्हणाले, "दादा, सिनेमात भाऊ नाहीये."

"माहीत आहे मला. चार वेळा पाहिलाय."

"मग?"

"मग काय? असायला हवा होता." दादा हसले. "आणि तू आला असतासच की. बाबांनी सोडलं नाही तुला. त्यांच्यापुढे कोणाचं काय चालायचं? एकोणीस वर्षांचा पोर तू. पन्नास वर्षांत कधी राग धरला नाही मी तुझा."

इथे गप्प बसता आलं असतं. हेडक्लार्क पन्नास वर्षं गप्प बसले होते, त्यांना चांगला सराव होता. पण तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले.

"बाबांनी नाही म्हटलं नव्हतं, दादा. मी त्यांना विचारलंच नव्हतं. माझी परीक्षा होती, नंतर नोकरीची मुलाखत होती. लोक काय म्हणतील वाटायचं. एकदा तर तुझा तुरुंग होता त्या गावावरून गाडी गेली. मी उतरलो नाही."

दादा थांबले. त्यांनी भावाच्या दिशेने पाहिलं. त्या डोळ्यांना समोर काय दिसत होतं, हे डॉक्टरांनाच ठाऊक.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

त्यांनी आपला कोपर सोडवून घेतला. चाचपडत कठडा शोधला, घट्ट धरला, आणि एकेक पायरी पायाने तपासत एकटेच वर चढू लागले. हेडक्लार्क खाली उभेच राहिले. मदतीला जावं तरी पंचाईत, न जावं तरी पंचाईत. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर दादांचा पाय चुकला, कठड्यामुळे तोल सावरला. ते तिथे दम खायला थांबले. आवाज खाली आला, कोरडा, दमलेला.

"येतोयस ना?"

"हो," हेडक्लार्क म्हणाले, आणि जिना चढू लागले.